परांची उभी राहिली, तरी भाडे थांबवू नका

मेन रोडवरील आपल्या दुकानासमोर इमारतीच्या मालकांनी दुरुस्तीसाठी परांची बांधल्याने पाटी झाकली गेली, तरी रागाच्या भरात भाडे थांबवू नका. नवे भाडेकरू हीच चूक आधी करतात आणि नियमित भाडे भरणाऱ्याला कायद्याने दिलेले संरक्षण गमावून बसतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार वाजवी कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडता येत नाही. तोडल्यास न्यायालयात अर्ज करा.

माझ्या दुकानावरचा स्लॅब फोडला जात असताना मी शटरवरील सिमेंटची धूळ आणि राडारोड्याने अडलेली पायरी यांचे फोटो रोज तारखेसह काढले, विक्रीची वही जपली, आणि त्याच वहीच्या आधारे मला भाड्यात सूट मिळाली.

दुरुस्तीसाठी दुकान रिकामे करायला सांगितले, तर ताबा परत देण्याची मालकांची लेखी हमी हाती येईपर्यंत किल्ली मात्र देऊ नका.