तेच गाणं, दुसरा गळा

प्रश्न : 'प्रीतम आन मिलो' हे गाणं आमच्याकडं गीता दत्तच्याच आवाजात ऐकलं जायचं. मोबाइलवर शोधलं तर पुरुषाच्या आवाजातलीही दोन सापडली. यातलं मूळ कोणतं? आणि अशा आणखी आवृत्त्या शोधायच्या कशा?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मूळ गाणं सिनेमातलं नाहीच. सी. एच. आत्मा यांनी ते १९४५ मध्ये बिगरफिल्मी रेकॉर्डसाठी गायलं, चाल ओ. पी. नय्यर यांची. पुढे 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) साठी नय्यर यांनी तेच गीता दत्तकडून गाऊन घेतलं. दुसरा पुरुषी आवाज सपन चक्रवर्तींचा असणार. चित्रपट 'अंगूर', साल १९८२, संगीत राहुलदेव बर्मन. तिन्ही लागोपाठ ऐका. आत्मांच्या गळ्यावर सैगलांची छाप स्पष्ट आहे, म्हणून आधी त्यांचं ऐकावं.

नुसता मुखडा टाकून शोधलं की तीच ती लोकप्रिय गाणी वर येतात. त्यापेक्षा मुखडा लिहून लोकप्रिय गायिकेच्या नावाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह द्या, म्हणजे तिच्या नावाचे बरेच निकाल गळतात. देवनागरीत शोधा आणि रोमन लिपीतही. 'प्रीतम' कुणी दोन 'ई' घालून लिहितं, कुणी एका 'आय'ने, त्यामुळे दोन्ही करून पाहा. मुखड्याऐवजी अंतऱ्याची ओळ टाकली तर हौशी गायकांची, मैफलीतली गाणी निघतात. संगीतकाराच्या नावापुढं गिटार, ॲकॉर्डियन असं वाद्य जोडलं की वाद्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डी हाती लागतात, आणि या विषयातला खरा खजिना तिथेच आहे. जुन्या गायकांना वाहिलेले संचही चाळा. लता मंगेशकरांच्या १९९२ च्या 'श्रद्धांजली'त सैगल, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी त्यांच्या आवाजात आहेत.

सापडेल ते वहीत लिहा : वर्ष, गायक, पट्टी, ठेका, अंतरे किती, मधल्या संगीतात कोणती वाद्यं. अंतऱ्यांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटंच मावत. त्यामुळे पडद्यावरचा एखादा अंतरा रेकॉर्डवर गाळलेला असतो. गायक तोच, ध्वनिमुद्रणही कधी तेच, फक्त कापलेलं.

प्रश्न : आठवडी बाजारातून रफींच्या गाण्यांची जुनी कॅसेट घेतली. आवाज जरा जड वाटतो. टेपचा पट्टा सैल झालाय की गायकच दुसरा आहे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : हार्मोनियम घेऊन बसा. मूळ गाणं काळी चारमध्ये आणि कॅसेट पांढरी पाचमध्ये लागली, तर ती अर्ध्या सुराने उतरली आहे. पट्टा सैल असेल तर वेगही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी कमी झालेला असतो, आणि चार मिनिटांचं गाणं साधारण १४ सेकंद जास्त चालतं. पट्टी उतरलीय पण लांबी या हिशेबात बसत नाही, तर ध्वनिमुद्रण वेगळं किंवा काटछाट केलेलं समजा. दुसरी खूण मधल्या संगीताची. गळ्याची नक्कल हुबेहूब जमते, पण व्हायोलिनचा तोच ताफा पुन्हा उभा करणं खर्चिक, म्हणून तिथे बहुधा सिंथेसायझर ऐकू येतो.

१९८० आणि ९० च्या दशकांत अशा कॅसेटी टी-सीरिजने भरपूर काढल्या. सोनू निगम, कुमार सानू, अनुराधा पौडवाल यांनी जुनी गाणी नव्याने गायली. कव्हरच्या आतल्या बाजूला गायकाचं नाव शोधा. 'झंकार' लिहिलेल्या कॅसेटी वेगळ्या. त्यात आवाज मूळ गायकाचाच, वरून इलेक्ट्रॉनिक ठेका चढवलेला. तो ठेका तबल्याची नाजूक बोटं पार झाकून टाकतो. जमलं तर त्या टाळाच.

प्रश्न : मी पार्टीत बँजो वाजवतो. जुनी गाणी बसवायला कोणाचं वादन ऐकावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं ॲकॉर्डियन. काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली यांची हवाइयन गिटार फार गोड आहे, पण तिच्यात धातूची पट्टी तारेवरून सरकते आणि मींड निघते, म्हणजे सूर न तुटता एकावरून दुसऱ्यावर घसरतो. तुमच्या बँजोला बटणं आहेत, सूर तुटक येतो. गिटारची मींड बँजोवर आणायला गेलं की मधले सगळे सूर वाजतात आणि गाणं चिवड्यासारखं होतं. ॲकॉर्डियनलाही पट्ट्याच, म्हणून मींडेच्या जागी कोणते दोन सूर पकडायचे हे डॅनियल्सकडून शिकता येतं. फरक एकच : भात्यामुळे ॲकॉर्डियनचा सूर हवा तितका लांबतो, बँजोवर तो तारेवर भरभर आघात करून टिकवावा लागेल. सोबत बी-फ्लॅट क्लॅरिनेट असेल, तर त्याने तुमच्यापेक्षा एक पूर्ण सूर वरची बोटं धरायची, तरच दोघं एका पट्टीत येतील.

प्रश्न : 'लग जा गले' स्वतः गाऊन इंटरनेटवर टाकायचं आहे. गाणं साठ वर्षांहून जुनं आहे, मग परवानगी कशाला?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : साठ वर्षांचा हिशेब दोन ठिकाणी वेगवेगळा लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. चाल आणि शब्दांचा हक्क मात्र ज्याच्या त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. चाल मदनमोहन यांची, ते १९७५ मध्ये गेले, म्हणजे २०३५ संपेपर्यंत चाल हक्कात आहे. तेव्हा मूळ रेकॉर्ड १९६४ ची असली तरी तुमच्या गायनाला चालीची परवानगी लागते. कराओके ट्रॅक ज्याने बनवला त्याचा त्यावर वेगळा हक्क असतो, त्यामुळे ट्रॅकचा परवाना आधी वाचा. हार्मोनियम-तबल्यावर गायलात तर ट्रॅकचा प्रश्न मिटतो, चालीचा उरतोच. गीतकार राजा मेहदी अली खान आणि संगीतकार मदनमोहन यांची नावं मात्र व्हिडिओखाली न चुकता लिहा. पुढच्या शोधणाऱ्याला तुमची आवृत्ती त्याच नावांनी सापडेल.