"मीच त्याला रोज वेळेवर गोळी देत होते"

"मॅडम, गजर लावून देत होते हो मी गोळी. एक वेळ चुकू दिली नाही." एवढं बोलून त्या बाईंनी बुटांचं एक खोकं टेबलावर ठेवलं. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मुलगा तिशीतला. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या) गटातलं वेदनाशामक सुरू झालं, ते वर्ष उलटलं तरी सुटलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा बाहेर बसला होता. आईला एकच विचारायचं होतं, चूक कोणाची? असं व्यसन असलेल्या घरातून हा प्रश्न येतोच.

आम्ही चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. पहिलीवर पाच दिवसांच्या गोळ्या. पुढे तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच ओळ, 'तेच औषध चालू ठेवा.' बंद कधी आणि कसं करायचं, हे एकाही चिठ्ठीवर नव्हतं. ही हयगय डॉक्टरांचीच, आणि मी ते आईला स्पष्ट सांगितलं.

पण डॉक्टरांनाही कुणीतरी निर्धास्त केलेलं असतं. १९८० साली एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद त्यात होती. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं, तरी 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून ते वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. ऑक्सीकॉन्टिन ही याच गटातली गोळी १९९६ मध्ये बाजारात आणणाऱ्या पर्ड्यू कंपनीने व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केला. तोवर कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली होती. मला याचा आजही संताप येतो.

आणि आई? तिने चिठ्ठीवर लिहिलं तेच केलं. रोज घेतल्यावर काही आठवड्यांत शरीर या औषधाला सरावतं, मग ते कुणाचंही असो. त्यात मुलाचा स्वभाव किंवा आईचे संस्कार शोधू नयेत. मुलाने पुढे गोळ्या लपवल्या, खोटं बोलला, हे खरं. ते त्याचं त्यालाच निस्तरावं लागणार.

एवढ्यात त्या म्हणाल्या, "पण आता सगळं संपलं. नऊ दिवसांपूर्वी होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या मी संडासात टाकल्या."

माझ्या पोटात गोळा आला. असं एकदम बंद केलं की घाम, जुलाब, रात्र-रात्र जागरण. त्याला ते सगळं झालं होतं. खरा धोका त्यानंतरचा. गोळी सुटली की शरीराची सवय झपाट्याने उतरते. कालपर्यंत पचणारा डोस आज घेतला तर श्वास मंदावून थांबू शकतो, सोबत दारू किंवा झोपेची गोळी असली तर जास्तच. बरेच मृत्यू असेच होतात, सोडल्यानंतर पुन्हा घेतल्यावर. म्हणून गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. शिवाय नॅलॉक्सोन नावाचं औषध वेळेत मिळालं तर थांबत आलेला श्वास परत सुरू होऊ शकतो, हे घरच्यांना माहीत हवं.

मुलाला आत बोलावलं. त्याच्यासमोर हे सगळं पुन्हा सांगितलं आणि विचारलं, "घरात अजून काही आहे?"

तो बराच वेळ खाली मान घालून बसला. मग शेवटची चिठ्ठी उलटी करून त्यावर लिहिलं, '२८. माळ्यावरची बॅग.'

आईने ते वाचलं. ओरडल्या नाहीत. पर्समधून फोन काढला आणि मला म्हणाल्या, "व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांचा नंबर द्या. आत्ताच लावते."