गाणारा समीक्षक आणि पेटीवरचा ब्लूज

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागली की तालुक्याच्या साप्ताहिकात परीक्षणंही लिहितो. 'गाणाऱ्या-वाजवणाऱ्यानं टीका करू नये', असं इथं सारखं ऐकवतात. इंग्लंडचे जॉर्ज मेली गातही आणि समीक्षाही लिहीत, असं वाचलं. त्यांना ते कसं जमलं? ते गात तसला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा प्रकार) आपल्या पेटीवर बसेल का?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : मेली लिव्हरपूलचे, जन्म १९२६. नौदलातून सुटल्यावर लंडनमध्ये अतिवास्तववादी चित्रांच्या गॅलरीत नोकरी धरली आणि त्याच सुमारास मिक मलिगनच्या जॅझ बँडमध्ये गाऊ लागले. नजर आणि गळा बरोबरीनंच तयार झाले. १९५६पासून 'डेली मेल'मधल्या 'फ्लूक' या चित्रमालिकेचा मजकूर त्यांचा. चित्रं काढणारे वॉली फॉक्स स्वतः क्लॅरिनेटवादक. १९६५ ते १९७३ 'ऑब्झर्व्हर'मध्ये आधी पॉप संगीत, मग टीव्ही, मग चित्रपट यांवर लिहिलं. सत्तरच्या दशकात जॉन चिल्टनच्या बँडबरोबर पुन्हा गाण्याकडे वळले. हे चिल्टन ट्रम्पेटवादक, शिवाय जॅझचे इतिहासकार! मेली २००७ साली गेले.

मात्र त्यांच्या भर समीक्षेची वर्षं आणि बँडबरोबर दौऱ्यांची वर्षं बरीचशी वेगळी होती. तुमचं दोन्ही एकाच हंगामात चालतं. तेव्हा ज्या मंडळीत पेटी धरता, तिच्या नाटकावर लिहू नका. बाकी बोलणारे बोलतीलच.

आता ब्लूज. मेलींचं दैवत म्हणजे अमेरिकी ब्लूज गायिका बेसी स्मिथ. तिचं १९२५चं 'सेंट लुइस ब्लूज' आधी ऐका. ओळ संपली की लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) उत्तर देतं. नेहमीच्या कडव्यात चार-चार मात्रांची बारा घरं, म्हणजे ४८ मात्रा : आठ मात्रांच्या केरव्याची बरोबर सहा आवर्तनं. ओळी तीन, दुसरी म्हणजे पहिलीच पुन्हा. प्रत्येक ओळीला दोन आवर्तनं. साधारण एकात गायचं, उरलेल्यात वाद्यानं बोलायचं. ही जागा गाऊन भरून टाकली की सगळी मजा गेली.

पेटीवर तीन स्वर एकदम दाबायचे. पहिली दोन आवर्तनं सा-ग-प, तिसऱ्यात म-ध-सां, चौथ्यात पुन्हा सा-ग-प, पाचव्यात प-नी-रें, सहाव्यात परत सा-ग-प. अखंड सूर देणाऱ्या खुंट्या आधी बंद करा. तो षड्ज पाचव्या आवर्तनात निषादाशी भांडतो आणि पेटी बेसूर आहे असं वाटतं.

खरी अडचण गंधाराची. गळ्यातून कोमल ग आणि कोमल नी येतात, तेही शुद्धाकडे किंचित ओढलेले, पण पेटीवर शुद्ध गच राहतो. ब्लूजचा तिखटपणा या घासण्यातच आहे. गायकामागे सावलीसारखं जायची भजनातली सवय इथं नडते : बोट कोमल गवर सरकलं की नुसतं उदास गाणं उरतं.

लय मिनिटाला ७०-८० मात्रांची ठेवा. तबलजीला सांगा, प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करून बोल पहिल्या आणि तिसऱ्या भागावर टाक; सरळ दोन सारखे तुकडे केले की झुलणं संपतं. टाळ वाजवायचाच झाला तर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या मात्रेवर. समेवर पडला, की ब्लूजची दिंडी झालीच.