पांढरी रानकोंबडी: अल्बिनो की आणखी काही?

प्रश्न: वाळपईजवळ आमच्या काजूच्या बागायतीत रानकोंबड्यांच्या थव्यात एक पांढरीशुभ्र कोंबडी दिसते. जुने शिकारी तिला अल्बिनो म्हणतात. ते खरे का?

उत्तर: आधी डोळा पाहा, पिसे नंतर. अल्बिनो पक्ष्यात टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) काम करत नाही, त्यामुळे मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य कुठेच तयार होत नाही आणि डोळा गुलाबी दिसतो. डोळा नेहमीसारखा गडद असेल तर ते ल्यूसिझम: रंगपेशी पिसांपर्यंत पोचलेल्याच नसतात. प्राणिसंग्रहालयातले पांढरे मोर याच प्रकारचे. तुऱ्यावरून काही ठरवू नका. त्याचा लाल रंग रक्ताचा असतो, तो दोन्हीत टिकतो.

फोटो सकाळच्या मऊ उजेडात, दुरून, फ्लॅश बंद ठेवून काढा. फ्लॅशने साधा डोळाही लाल येतो. पांढरी पिसे उन्हात फटफटीत येतात म्हणून कॅमेऱ्याचे एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करा.

तिसरी शक्यता विसरू नका. गावठी कोंबड्यांशी रानकोंबड्याचा संकर होतो. वाड्यावर कुणाकडे पांढरी कोंबडी असल्यास हा संशय आधी घ्यावा.

खरी अल्बिनो मोठी झालेली क्वचितच दिसते, कारण नजर अधू असते आणि पांढरा रंग ससाण्या-घारींना लांबून दिसतो. मेलॅनिन नसलेली पिसे झिजतातही लवकर.

तिला पकडू नका, फासही लावू देऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्यांची शिकार गुन्हा आहे. दिसलेली तारीख, जागा आणि फोटो वन खात्याला कळवा.