चमच्याचमच्याने

ताई,

माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. दोन आठवड्यांपूर्वी एका रात्री तिने लागोपाठ तीनदा उलटी केली. सकाळी अंग तापलं, 101 ताप, आणि दुपारपर्यंत सात-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब. सासूबाई म्हणाल्या, "दूध बंद कर, पोटाला आराम पडू दे." मी घाबरले होते, त्यांचं ऐकलं. दिवसभर नुसतं उकळून गार केलेलं पाणी देत राहिले. मध्ये ओआरएसचं मोठं पाकीट आणलं, अंदाजाने अर्धं पेलाभर पाण्यात कालवलं आणि बाटलीतून दिलं. ती घटाघट प्यायली आणि सगळं उलटून टाकलं. म्हणून तेही सोडून दिलं. मी दर अर्ध्या तासाने ताप बघत होते. संध्याकाळी ताप उतरला, मला हायसं वाटलं. पण हाक मारली तरी ती बघेना, रडली तर डोळ्यांत पाणी नाही. तशीच उचलून दवाखान्यात नेली. एक रात्र सलाईन लागलं.

आता ती खेळते, खाते. मी मात्र झोपत नाही. रात्री चार-पाचदा उठून तिचं कपाळ चाचपते. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी सासूबाईंना म्हणाले, "तुमच्यामुळे माझ्या मुलीवर ही वेळ आली." तेव्हापासून त्या बाळाला उचलून घ्यायलाही बिचकतात. नवरा म्हणतो, झालं गेलं विसर. कसं विसरू? दिवसभर तिला उपाशी मीच ठेवलं ना? मी कसली आई?

– एक आई

---

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातली एक ओळ तू घाईने लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. "हाक मारली तरी ती बघेना, रडली तर डोळ्यांत पाणी नाही." ताप उतरलेला असताना तुला हे दिसलं. "ताप गेला, आता झोपू दे तिला" असं म्हणून दिवा मालवणं किती सोपं होतं! तू तिला उचललंस आणि निघालीस. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली, म्हणून अगदी खात्रीने सांगते: त्या दिवशी करायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती तू वेळेत केलीस.

बाकी चुका झाल्या. त्या झाकल्या तर तुला बरं वाटणार नाही, उलट रात्री दोन वाजता त्याच पुन्हा समोर येऊन उभ्या राहतील. म्हणून एकदा नीट बघून घेऊ.

अशा आजारात बाळाला धोका असतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. बहुतेक वेळा हा प्रकार रोटाव्हायरस, नोरोव्हायरस अशा विषाणूंमुळे होतो. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, शरीरच त्यांना बाहेर काढतं. उलट्या साधारण एक-दोन दिवसांत थांबतात, जुलाब पाच ते सात दिवस रेंगाळतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर आपलं काम एकच, जेवढं बाहेर जातंय तेवढं आत घालत राहायचं. तू दिवसभर थर्मामीटर बघत होतीस. बघायला हवा होता तो डायपर. शेवटची शू कधी झाली, ओला डायपर नेहमीसारखा जड लागतो का, तोंड ओलं आहे का, रडताना डोळ्यांत पाणी येतं का. तापाचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. तुझ्याच लेकीचा ताप उतरला होता आणि ती कोरडी पडत चालली होती.

आता नुसत्या पाण्याबद्दल. जुलाबातून पाण्याबरोबर मीठही जातं, ते साध्या पाण्याने भरून येत नाही. बाळाला दिवसभर फक्त साधं पाणी दिलं तर रक्तातलं सोडियम आणखी उतरू शकतं. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज दोन्ही असतात, कारण आतड्याच्या आतल्या पेशी ही दोन्ही जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतेक वेळा उघडी असते. पण प्रमाण बिघडलं की सगळंच उलटं होतं. तू केलंस तसं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात म्हणजे हवं त्याच्या दुपटीहून दाट. असं दाट पाणी आतड्यात आणखी पाणी ओढून घेतं, आणि जास्तीचं मीठ तर बाळाला थेट अपाय करतं. ते उलटीतून बाहेर पडलं हे त्या मानाने बरंच झालं म्हणायचं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर मोजून एक लिटर, 200 मिली लिहिलं असेल तर 200 मिली, आणि पाकीट पूर्ण. अर्धं-मुर्धं नाही, वरून साखर नाही, दुधात कालवणं नाही. कालवलेलं 24 तासांनी उरलं तर ओतून टाकायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. फळांचे रस आणि शीतपेयं मात्र अशा दिवसांत नकोतच, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात.

"नुसतं साखरमिठाचं पाणी काय करणार?" असं सलाईनची बाटली बघितल्याशिवाय धीर न येणाऱ्या कितीतरी घरच्यांनी मला विचारलं आहे. त्यांना मी एक खरी हकिकत सांगायची. 1971 साली बांगलादेशच्या युद्धातून लाखो लोक सीमा ओलांडून भारतात आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच कपाने पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्के होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात आईचे, बहिणीचे, नवऱ्याचे होते. तुझ्या हातात होतं ते हेच औषध, फक्त ते कसं द्यायचं हे तुला कुणी शिकवलं नव्हतं.

तर ते शिकवते. बाळाला मांडीवर थोडं उंच डोकं करून घे. वाटी आणि छोटा चमचा. बाटली नको, तहानलेलं बाळ बाटलीला लागलं की ओढतच राहतं, चिडलेलं पोट एकदम ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. घड्याळ समोर ठेव. एक चमचा, म्हणजे 5 मिली, गालाच्या आतल्या बाजूला सोड. गिळलं का बघ. दोन मिनिटं थांब. पुन्हा एक. हात अवघडेल, बाळ चमच्याकडे झेपावेल, "अजून दे" म्हणून रडेल, आणि हीच वेळ मन घट्ट करायची असते. या गतीनेही तासाला 150 मिली जातात, आणि ते पोटात राहतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू कर. एक उलटी झाली म्हणजे सगळं गेलं असं नसतं, बरंचसं आधीच शोषलं गेलेलं असतं. तू त्या दिवशी पहिल्या उलटीला हार मानलीस. सगळ्याच आया मानतात, गं. उलट्या ओसरल्या की तिच्या वयाच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली असं धरून चालायचं.

आणि दूध. अंगावरचं दूध एकदाही बंद करायचं नाही. उलट्या होत असतील तर थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजायचं. वरचं दूध पीत असेल तर नेहमीच्याच प्रमाणात, जास्तीचं पाणी घालून नाही. उलटी थांबली आणि भूक दिसली की तिचं रोजचं मऊ जेवणही सुरू करायचं. आतड्याचं अस्तर खाण्यावरच भरून येतं, उपाशी पोटी ते आणखी अशक्त होतं. "पाजलं की लगेच शी होते, म्हणजे दूधच सोसत नाही" असं सगळ्यांना वाटतं. पोटात काही पडलं की मोठं आतडं हालचाल करतं, हा शरीराचा नेहमीचा स्वभाव आहे. बाहेर येतं ते आधीचं असतं, आत्ता पाजलेलं दूध नव्हे. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या सिस्टरने सांगितलं, तोवर मीही तसंच समजत होते.

म्हणून सासूबाईंबद्दल आता बोलते. पोटाला आराम द्या, दूध तोडा, हे त्यांनी मनाने रचलेलं नाही. एके काळी डॉक्टरच असं सांगायचे, पुस्तकांत असंच छापलेलं होतं. त्यांची मुलं आजारी पडली तेव्हा कुणा डॉक्टरांनी त्यांना हेच सांगितलं असणार, आणि त्यांनीही तुझ्यासारखंच घाबरून, जीव मुठीत धरून ऐकलं असणार. तू त्या दिवशी ज्या विश्वासाने त्यांचं ऐकलंस, त्याच विश्वासाने त्यांनी आणखी कुणाचं तरी ऐकलं होतं. सल्ला चुकीचा होता, माया खोटी नव्हती. त्या बाळाला घ्यायला बिचकतात, याचा अर्थ तुझं वाक्य त्यांनी खरं मानलंय. तू आणि त्या, दोघी एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत एकच शिक्षा भोगताय.

त्यांच्याकडे जा. लांबलचक माफीची गरज नाही. "आई, त्या दिवशी मी घाबरले होते, जे बोलले ते बोलायला नको होतं. आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं" एवढं पुरे. आणि बाळ त्यांच्या मांडीवर दे. मग कधीतरी शांत वेळी दोघी मिळून ओआरएसचं एक पाकीट मोजून कालवून बघा. पुढच्या वेळी चमच्याची पाळी त्या घेतील आणि तुला तासभर पाठ टेकता येईल. रात्रीच्या तीन वाजता दुसरा हात किती मोलाचा असतो, हे आता तुला सांगायला नको.

तापाचं थोडक्यात सांगते. ताप हा आजाराशी लढतानाचा शरीराचा प्रतिसाद आहे. आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नकोस, बाळ बेचैन असेल तर दे. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेल्या मात्रेत, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल कधीही करू नकोस, ड्रॉप्समध्ये तेच औषध कितीतरी पट दाट असतं आणि त्याचा ड्रॉपर वेगळा असतो. आयबुप्रोफेन जुलाब-उलट्या चालू असताना नको, अंगात पाणी कमी असलं की ते मूत्रपिंडाला जड जातं. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नाहीच. गार पाण्याने अंग पुसणं नको, पांघरुणांचे थरही नकोत, हलके कपडे पुरतात. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी बाळाला देणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण कर, ते बहुधा 10 ते 14 दिवस सांगतात.

आणि आता हे एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटव, म्हणजे घाबरलेल्या डोक्याला आठवावं लागणार नाही. सहा-आठ तास शू नाही. डोळे किंवा टाळू खोल गेलेली. तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत. हातपाय गार. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर येते. मलूल, उठवलं तरी नीट जागं होत नाही. शीमध्ये रक्त. हिरवी उलटी. पोट फुगून कडक. झटके. चमच्याचमच्याने दिलेलंही पोटात राहत नाही. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना. तीन महिन्यांहून लहान बाळाला 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस ताप आला तर बाकी काही दिसण्याची वाटच बघायची नाही.

हा आजार घरात आला कुठून, हे तू विचारलेलं नाहीस, पण मनात असणार. या वयाची मुलं दिसेल ते तोंडात घालतात आणि हे विषाणू अगदी थोडेसे पोटात गेले तरी पुरतात. रोटाव्हायरसची लस पहिल्या काही महिन्यांतच देतात आणि ती गंभीर आजार टाळते, पण लस घेतलेल्या बाळालाही दुसऱ्या विषाणूचे जुलाब होऊ शकतात. डायपर बदलल्यावर साबण-पाण्याने हात धुणं एवढं मात्र सोडू नकोस. नोरोव्हायरसला नुसत्या सॅनिटायझरने फारसा फरक पडत नाही.

राहिली तुझी झोप. कपाळ चाचपायला आणखी काही दिवस उठशील. उठ. पण उठलीस की कपाळाबरोबर डायपरलाही हात लाव. ओला लागला तर "शू झाली आहे" असं हलक्या आवाजात स्वतःला सांग आणि परत येऊन पड. आणखी दोन आठवड्यांनीही झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल किंवा बाळाजवळ असताना छातीत धडधडत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं त्यांना जसंच्या तसं सांग. त्या संध्याकाळी लेकीला घेऊन निघालीस तशीच नीघ. नवऱ्याला बरोबर घे, आणि तेवढा वेळ बाळ सासूबाईंकडे ठेव.

तुझी,
ताई