वाचकांचे प्रश्न : पॅरिसच्या टॅक्सीतले राजपुत्र

प्रश्न : क्रांतीनंतर पळून आलेले रशियन राजपुत्र आणि सेनापती पॅरिसमध्ये टॅक्सी चालवत, असं लहानपणापासून ऐकत आले आहे. हे कितपत खरं? आणि जे राजपुत्र नव्हते त्यांचं काय झालं? – एक वाचिका

उत्तर : ताई, टॅक्सी चालवणारे रशियन पॅरिसमध्ये होते, चांगले काही हजार होते, आणि त्यांच्यात थोडी खानदानी मंडळीही होती. पण तुमचा दुसरा प्रश्न माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. 1986 ते 88 मी भाषांतराच्या कामानिमित्त बूलोन-बियांकूरला राहत होते. पॅरिसला चिकटलेलं हे कारखान्यांचं गाव. सेन नदीतल्या सेगँ बेटावर रेनो मोटारींचा कारखाना तेव्हा चालू होता. तो 1992 मध्ये बंद झाला. माझ्या शेजारी साठीला टेकलेल्या एक मादाम राहत. जन्म तिथलाच, पण वडील रशियातल्या डॉन नदीकाठचे कॉसॅक, म्हणजे पिढीजात घोडेस्वार सैनिकांच्या जमातीतले, फौजेत हवालदाराच्या हुद्द्याचे. राजवाड्याशी या माणसाचा कधी संबंध आला नव्हता.

नोव्हेंबर 1920 मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढून हरलेल्या जनरल व्रांगेलच्या सैन्याने काळ्या समुद्रावरचा क्रायमिया सोडला. 126 जहाजांतून सुमारे दीड लाख माणसं कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोचली. त्यात अधिकारी होते, साधे शिपाई होते, बायकामुलं होती. मादामचे वडील त्यातलेच एक. आधी तंबूंची छावणी, मग बल्गेरियात पेर्निकच्या कोळसा खाणी. तोवर डिसेंबर 1921 मध्ये सोव्हिएत सरकारने अशा परागंदा लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. हाती कुठल्याच देशाचा कागद उरला नाही. 1922 पासून राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे आयुक्त नॅन्सेन यांच्या नावाचं प्रमाणपत्र मिळू लागलं. लोक त्याला पासपोर्ट म्हणत, पण त्याने ना घर मिळे ना काम.

फ्रान्सचं दार अनेकांना उघडलं ते कामाच्या करारामुळे, आणि राजपुत्रांच्या गोष्टींत नेमका हाच कागद गाळला जातो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने तेरा-चौदा लाख तरुण गमावले होते. खाणी, पोलाद कारखाने, उद्ध्वस्त उत्तर भाग, सगळीकडे हातांची टंचाई. इटालियन आणि पोलिश मजूर फार मोठ्या संख्येने आले. रशियन त्या मानाने मूठभर, 1931 च्या जनगणनेत सुमारे 72 हजार. मादामचे वडील 1925 मध्ये ईशान्य फ्रान्समधल्या लोरेनच्या एका पोलाद कारखान्याच्या करारावर आले. झोपायला बराक, एकावर एक फळ्या. करार संपेपर्यंत हलता येईना. 1926 च्या कायद्याने तर परदेशी मजुराला पहिलं वर्षभर ठरल्याबाहेरचं काम देण्यावर बंदीच आली. वर्ष भरलं त्याच आठवड्यात ते पॅरिसच्या गाडीत बसले.

बियांकूरला तोवर हजारो रशियन जमले होते. कुर्स्क या रशियन शहरावरून ते गंमतीने गावाला ‘बियांकूर्स्क’ म्हणत. रशियन पाट्यांची दुकानं होती, 1927 मध्ये संत निकोलसचं छोटं चर्चही उभं राहिलं. वडील ओतशाळेत लागले. मादाम सांगायच्या, शेजारच्या यंत्रावर त्यांच्याच सैन्यातले एक कर्नल होते. आठवडाभर दोघं एकाच मुकादमाची बोलणी खात. रविवारी मात्र चर्चच्या दारात वडील टाचा जुळवून त्यांना सलाम करत. मला हे ऐकताना हसू आलं होतं आणि मादाम दुखावल्या होत्या. “त्या सलामाखेरीज त्यांच्याजवळ आपलं म्हणून काहीच नव्हतं,” त्या म्हणाल्या. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

आता टॅक्सी. टॅक्सीत भोंगा नसतो, मुकादम नसतो, दिवस आपला आपण मोजायचा. म्हणून ज्याला गाडी येई आणि पॅरिसचे रस्ते पाठ करता येत, तो कारखान्यातून सुटायला बघे. गाइतो गाझ्दानोव हे लेखक घ्या. सोळाव्या वर्षी ते व्रांगेलच्या सैन्यात गेले. पॅरिसला आल्यावर त्यांनी होड्यांवरचा माल उतरवला, रेल्वे इंजिनं धुतली, सित्रोएनच्या कारखान्यात काम केलं आणि मग जवळपास पाव शतक रात्रीची टॅक्सी चालवली. तेही राजपुत्र नव्हते.

1932 हे वर्ष सगळ्यांनाच वाईट गेलं. मंदी आलेलीच होती. त्यात 6 मे रोजी गोर्गुलोव नावाच्या रशियन निर्वासिताने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉल दुमेर यांच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. ऑगस्टमध्ये परदेशी कामगारांचं प्रमाण मर्यादित करणारा कायदा झाला. मादाम तेव्हा तीन वर्षांच्या. वडील वर्षभर घरी बसले आणि आईने शिवणकामावर घर चालवलं. घर तरलं ते आईमुळे, आणि टॅक्सीच्या गोष्टीत अशा बायकांना जागाच नाही याचा मला राग येतो.

निघण्यापूर्वी एकदा मादाम मला सँत-जनव्हिएव्ह-दे-ब्वाच्या रशियन दफनभूमीत घेऊन गेल्या. पॅरिसच्या दक्षिणेला, बर्चच्या झाडांमध्ये ओळीने ऑर्थोडॉक्स क्रूस. एकेका पलटणीचे लोक शेजारीशेजारी पुरलेले. वडिलांच्या दगडावर हुद्दा होता, रेजिमेंट होती, डॉनकाठच्या गावाचं नाव होतं. ओतशाळेची तीस वर्षं त्यावर कुठेच नव्हती. मी विचारलं तेव्हा मादाम म्हणाल्या, “तसं त्यांनीच लिहून ठेवलं होतं.” आणि वाकून त्या दगडाभोवतीचं गवत उपटू लागल्या.