सॉफ्ट पेस्टलमधलं शहराचं चित्र प्रदर्शनात चालतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या गल्लीबोळांचं लँडस्केप सॉफ्ट पेस्टलमध्ये (म्हणजे भुकटी सुटणाऱ्या मऊ रंगीत कांड्यांनी) केलंय, पण ऑइल आणि वॉटरकलरच्या गर्दीत ते प्रदर्शनात कोणी बघणार का. बघतात हो. माझ्या महात्मा फुले मंडईच्या पेस्टलला इथेच एका प्रदर्शनात उत्तेजनार्थ मिळालं, पहिलं नाही, पण आजूबाजूला बहुतेक वॉटरकलरच होती, म्हणजे माध्यम आड येत नाही एवढं नक्की. आणि कोणी म्हणालं की पेस्टल म्हणजे लहान मुलांचे खडू, तर त्याला फ्रेंच चित्रकार देगाच्या पेस्टलमधल्या नर्तकी दाखवा, विषय संपला.

खरा प्रश्न शहराचा आहे. मंडई 1886 ची, काळा दगड, वर कौलं, मधे तो अष्टकोनी मनोरा, त्यामुळे जो तो मनोऱ्याच्या प्रेमात पडतो आणि एकेक कमान कोरत बसतो. पेस्टलचं ते काम नाही, बोटाएवढ्या जाड कांडीने खिडकीच्या जाळ्या काय काढणार! पेस्टलला उजेड जमतो. मी दिवेलागणीची वेळ घेतली, आकाशात जरासा उजेड शिल्लक आणि खाली गाळ्यांवर बल्ब लागलेले. कागद गडद राखाडी घेतला, म्हणजे अर्धा अंधार आयताच मिळाला. दगडाला काळा लावलाच नाही, जांभळ्यावर बॉटल ग्रीन चढवला, लांबून काळाच दिसतो पण मेलेला वाटत नाही. समोरच्या टू-व्हीलरचा सगळ्यांचा मिळून एक निळसर पट्टा, त्यात आरशांवर कुठेकुठे चमक, बास, लोक तेवढ्यात आपापली अ‍ॅक्टिव्हा शोधतात.

वायरी आणि फ्लेक्स मात्र गाळू नका (खूप जण गाळतात आणि मग चित्र कॅलेंडरसारखं गोड होतं). मनोऱ्यासमोरून गेलेली केबल मी तुटलेल्या कांडीच्या धारेने एका दमात ओढली. आणि कांद्याच्या ढिगावरचा बल्ब, मधे जवळजवळ पांढरा पिवळा जोरात दाबून आणि भोवती केशरी नुसता बोटाने पसरवलेला, तेवढा उजळ ठिपका चित्रात दुसरीकडे कुठेच ठेवला नाही. परीक्षकांतल्या एक बाई त्याच्याशीच थांबल्या होत्या, मला विचाराल तर बक्षीस त्या बल्बलाच आहे.

बाकी फिक्सेटिव्ह (रंग कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) जपून मारा, रंग गडद होतात आणि सगळ्यात आधी उजेडच मरतो, म्हणून मी शेवटचे हात फिक्सेटिव्हनंतर देते. भुकटी फुंकायची नाही, बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारायची, ती धूळ नाकात जाणं चांगलं नाही. फ्रेमवाल्याला आधीच सांगा की जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा, काच चित्राला टेकता कामा नये, आणि काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट म्हणाला तर नको म्हणा, स्टॅटिकमुळे ती रंग ओढून घेते.

बऱ्याच ठिकाणी पहिली निवड फोटोवरूनच होते, तेव्हा फोटो काच बसायच्या आधी काढा, घराच्या गॅलरीत सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून.